लाँचचे पितळ

सन एकोणीसशे अठ्ठावन्नच्या चैत्रात, एका मंगळवारी दोन प्रहरी, पनवेल गावी, पुणे रस्त्यालगतच्या गॅरेजात धर्मराज कोळ्याची मोटार खोपोलीहून परत आली. ती घाट चढली नव्हती. आदल्या मंगळवारीही चढली नव्हती.

मागच्या बाकावर त्याची आई गुणाबाई घाटापलीकडच्या कार्ल्याच्या एकवीरेची ओटी मांडीवर धरून बसली होती. नव्या वाहनाने आधी देवीचे दर्शन घ्यायचे, मगच त्यात भाड्याचे उतारू बसवायचे, असा त्यांच्या कोळीवाड्याचा रिवाज होता. गाडी थांबली तरी ती उतरली नाही.

"घेतलेली ओटी खाली ठेवायची नाय," एवढेच ती म्हणाली.

तिचा धाकटा मुलगा गणू आता याच गॅरेजात मिस्त्री होता. बापाच्या पश्चात दोघे भाऊ चालवत असलेली त्याची मासेमारीची लाँच विकून धर्मराजने ही जुनी मोटार घेतली, त्या दिवसापासून गणूने थोरल्या भावाशी बोलणे टाकले होते. आता आई गाडीत बसली होती, म्हणून बोलणे भाग पडले. तेही त्याने भावाकडे न पाहता, उघड्या इंजिनात तोंड घालून केले.

"चढावर तेल तापून पातळ व्हतंय. कूलर लावल्याबिगर चढायची नाय ही."

लष्कराच्या भंगारातून आणलेला, तेल थंड करणारा एक कूलर गॅरेजात पडूनच होता. तो बसवणे कठीण नव्हते. प्रश्न होता युनियनचा, म्हणजे इंजिन, नळी आणि कूलर यांना एकमेकांशी घट्ट धरून ठेवणाऱ्या आटेदार सांध्यांचा. गणूने रॉकेलच्या थाळीत पोलादी युनियन ओतले आणि एकेक उचलून इंजिनाच्या तोंडाशी बोटांनी फिरवून पाहू लागला. ज्याचे आटे जुळत नसत तो बाजूला पडे. पडे म्हणण्यापेक्षा आपटला जाई. अखेर जुळणारे दोन त्याने पुसून फडक्यावर मांडले.

"ते नको." धर्मराजने आसनाखालून एक पुरचुंडी काढली व सोडली. "हे लाव."

आत दोन पितळी युनियन होते, चिंचेने घासून लखलखीत केलेले. गणूने ते तत्काळ ओळखले. लाँचच्या इंजिनाला समुद्राचे पाणी पुरवणाऱ्या नळीवरचे होते ते, आणि बापाने ते आपल्या हाताने बसवले होते.

"लाँच इकलीस ती इकलीस," गणू म्हणाला, "तिच्या अंगावरचं पन उतरवून घेतलंस?"

"परक्याच्या हाती देववलं नाय, म्हनून घेतलं!" धर्मराजचा आवाज चढला. "कोळीवाड्यात काय बोलतात, ठावं हाय तुला? दर्या सोडला म्हनून एकवीरा आई घाट चढू देत नाय. बाचं पितळ इंजिनात असलं तर ती वाट देल."

"आई कशाला अडवंल? तुझं खटारं तुला अडवतंय!"

"गण्या, गाडी माझी हाय. सांगतो ते लाव."

"तुझी? बाची लाँच हाय ही. चार चाकं लावलीस म्हनून तुझी झाली?"

"लावतोस का दुसरा मिस्त्री बघू?"

गणूने एक पितळी युनियन उचलला आणि इंजिनाच्या तोंडाशी धरून फिरवला. आटे बिनतक्रार बसत गेले.

"बघ!" धर्मराज म्हणाला.

त्या एका शब्दाने गणूच्या मस्तकाची शीर तडकली. त्याने पाना चढवला. एरवी त्याचा हात आट्याची ओढ ओळखून थांबत असे. आज थांबला नाही. इतके दिवस गिळलेले जे जे होते ते सारे त्याने त्या पान्यावर टाकले. कट् असा कोरडा आवाज झाला आणि युनियन अर्ध्यातून तुटून हातात आला.

"मुद्दाम तोडलास!" धर्मराज हात उगारून अंगावर धावून आला. "बाची आठवनच ठेवायची नाय तुला!"

गणू उत्तर देणार होता. पण तुटलेल्या तोंडाकडे त्याची नजर गेली आणि त्याने ते उजेडाकडे धरले. आत पिवळे असे काही नव्हते. वरचा पातळ पापुद्रा तेवढा पितळेचा. बाकी सगळे तांबूस, भाजलेल्या विटेसारखे. त्याने अंगठा घासला. भुगा पडला. दुसरा युनियन त्याने शेगड्याच्या लोखंडी जबड्यात धरून नुसता आवळला. तोही फुटला, तसाच, आतून लाल. खाऱ्या पाण्याने पितळ कधीचेच खाऊन टाकले होते.

गुणाबाई ओटी काखेशी धरून गाडीतून उतरली. मुलाच्या तळहातावरचा भुगा तिने चिमटीत घेतला.

"हे लाँचीत कुठं व्हतं?"

गणू हातातले तुकडे जुळवून पाहू लागला.

"कुठं व्हतं, गण्या? इंजिन तूच बघायचास ना?"

"तळाशी," तो खाली पाहत म्हणाला. "दर्याचं पानी आत घेतात, तिथं."

"आन् हे भर दर्यात फुटलं असतं, तर?"

"पानी आत भरलं असतं."

"तुला ठावं व्हतं?"

"रोज पुसायचो, आये. वरून चकाकत व्हतं."

धर्मराजचा उगारलेला हात कधी खाली आला ते त्यालाही कळले नाही. गुणाबाईने आधी एका मुलाकडे पाहिले, मग दुसऱ्याकडे. चिमटीतला भुगा तिने जमिनीवर झटकला.

"बुडाली असती," ती म्हणाली, "तुमा दोघांना घेऊन. ते पोलादी लाव."