उखाच्या हातचे ब्रेक

उखाच्या गॅरेजात सकाळचे ऊन नेहमी उशिरा आणि वाकून शिरे. आधी ते समोरच्या लूमखात्याच्या, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्याच्या, पत्र्यावर बराच वेळ रेंगाळे, मग गोडादरा वस्तीच्या त्या अरुंद गल्लीतल्या तारांवरून घसरत अर्ध्या शटरखालून आत येई आणि ऑइलने काळवंडलेल्या फरशीवर एक फिकट पट्टा अंथरी. त्या पट्ट्यात लूमवरून उडालेले सुताचे तंतू तरंगत राहत. खाली पडण्याची त्यांना कसलीच घाई नसे. आज तो पट्टा हळूहळू जॅकवर उचललेल्या पांढऱ्या गाडीच्या डाव्या दारावर चढला, तेव्हा त्या एकाच दाराचा नवा रंग बाकीच्या गाडीहून वेगळा दिसू लागला. अभिजीतने नजर फरशीकडे वळवली.

“हे बघा भाऊ,” उखाने स्टुलावर दोन खोके ठेवले. “हे पॅड बाजारातले. आन हे कंपनीचे. डिस्कबी कंपनीचीच आनली.”

“कंपनीचेच टाका.”

“दिवाळीत काकाबी हेच म्हनले होते.” उखाने बाजारातला खोका उलटा करून ठेवला. “मीच म्हनलं, काका, हेबी चांगले राहतात. माझंच डोकं.”

अभिजीतने कंपनीचा खोका उखाकडे सरकवला.

दिवाळीनंतरच्या महिन्यात, एका रविवारी सकाळी, पलसाण्याच्या रस्त्यावर अभिजीतच्या वडिलांची, दिलीपरावांची, हीच गाडी कडेला उभ्या असलेल्या ट्रकवर आदळली होती. दर रविवारी बापलेक तिकडे चहा प्यायला जात. लोक जमले तोवर अभिजीतने वडिलांना बाहेर काढून रस्त्याच्या कडेला निजवले होते, पण ते गेलेले होते. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, “ब्रेक लागला नाही.” पोलिसांनी तेच लिहून घेतले. आईनेही तेच ऐकले.

दिवाळीत ते ब्रेक उखानेच बसवले होते, तरी त्याला कोणी दोष दिला नाही. त्याने तो आपणहून घेतला. गॅरेजची पाटी त्याने गेल्या आठवड्यात उतरवली. आजच्या कामापुरत्या ठेवून बाकीच्या पाने-पकडी पुतण्याला देऊन टाकल्या. उद्याच्या बसने तो शिरपूरला, गावी निघणार होता, कायमचा. या गाडीचे ब्रेक तेवढे स्वतःच्या हाताने बसवायचे आणि मग शटर पाडायचे, एवढेच त्याने ठरवले होते.

“नाश्त्याला लोचो आणलाय, गरम आहे तोवर खा,” म्हणत अनुजा वाकून आत आली. उद्यापासून बमरोलीच्या शाळेत शिकवायला ती हीच गाडी घेऊन जाणार होती. तिने भावाकडे पाहिले. “उखामामा, दादाला काय विचारता पॅडचं? त्याला गाडीतलं एवढंच कळतं, की डावीकडच्या सीटवर बसायचं आणि खिडकीबाहेर बघायचं.”

उखा हसला, पण त्याचे हसू टिकले नाही. त्याने पुढची दोन्ही चाके काढली. जुने पॅड बाहेर आले. काढलेला माल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, हा त्याचा तीस वर्षांचा नेम होता. आज मात्र ते पॅड तो स्वतःच्याच हातात धरून राहिला. त्याने ते पुसले, मापले, पुन्हा मापले. जुन्या डिस्कवरून अंगठा फिरवला.

“नवा पॅड अकरा मिलिमीटर राहतो. हा नऊ भरला.” त्याचा आवाज खाली गेला. “डिस्क आरशासारखी. ब्रेकचं तेल भरलेलं. पाइप कुठे गळत नाही. मग लागला का नाही?”

“उखामामा, नका ना आता ते,” अनुजा म्हणाली.

“ताई, माझ्या हातून मानूस गेला. मला कळायला तर पाहिजे.”

नवी डिस्क आणि पॅड बसवून झाल्यावर पेडल तपासायला तो चालकाच्या जागेवर बसला. त्याचा पाय पोहोचेना. त्याने सीटखालची दांडी ओढली आणि सीट खट, खट, खट करत पुढे सरकवली. पेडल कडक होते. त्याने ते पुन्हा दाबून पाहिले.

“चाकं लवकर लावा ना मामा, मला गल्लीतून एक चक्कर मारून बघायचीय.” अनुजाने पिशवीतून एक विणलेली उशी काढली. “ही बघा, बाबांची. मीही त्यांच्यासारखीच बुटकी. आई म्हणाली, घेऊन जा, ते हिच्याशिवाय स्टिअरिंगला हात लावत नसत.”

“हां. त्याशिवाय त्यांना बॉनेट दिसायचं नाही.” उखाने उशी हातात घेतली. तिच्यावर डाग नव्हता, की चुरगळ नव्हती. “ही गाडीत नव्हती?”

“नाही ना. त्या रविवारी घरीच राहिली, खुंटीला. आईला तेच लागून राहिलंय. म्हणते, नेमकी त्याच दिवशी ते ही कशी विसरले?”

समोरच्या खात्यातले लूम एकसुरात खडखडत होते. उखाने मांडीवरच्या उशीकडे पाहिले. मग सीटच्या दांडीकडे. मग, फार सावकाश, शेजारच्या सीटपलीकडच्या त्या नव्या दाराकडे.

“भाऊ,” तो म्हणाला, “तुम्ही संगं होते. एकदाच सांगा. काकांनी ब्रेक दाबला होता ना?”

उन्हाचा पट्टा आता अभिजीतच्या चेहऱ्यापर्यंत आला होता. त्या रविवारी समोरच्या काचेतून आले होते, तसेच ते थेट डोळ्यांत शिरत होते.

“मी काय सांगणार?” तो म्हणाला. “मला गाडी येत नाही.”

उखाने मान हलवली आणि जुने पॅड त्याच्या हातात दिले.

त्या रविवारी गाडी अभिजीत चालवत होता.