धक्क्यावरचा बुक्का

पर्यटकांची बोट सुटायची वेळ झाली, तरी तिचे प्रवासी धक्क्यावरच्या मांडवात कीर्तनालाच बसले होते. गळ्याच्या आजारपणानंतर नरहरीबुवा आज पहिल्यांदा उभे राहिले होते आणि उत्तररंग आत्ता कुठे चढला होता. आता माणसं उठली, तर आरतीविनाच कीर्तन मोडणार.

वर नियंत्रण कक्षात बुवांची मुलगी सुमेधा अस्वस्थ होती. याच धक्क्यासाठी ‘रेवती’ ही मालबोट बाहेर खोळंबली होती. तिच्यावर खलाशी नव्हते. ती स्वतःच चालायची, स्वतःच बोलायची.

“रेवतीबाई, आरतीपर्यंत थांबाल का?”

“का म्हणून? माझी पाळी आहे, पोटात फळं आहेत. शिस्त आहे की नाही तुमच्या बंदराला?”

“आप्पांचं कीर्तन चाललंय हो.”

“त्यात काय असतं?”

समजावत बसण्यापेक्षा सुमेधाने मांडवातला माइकच तिला जोडून दिला. बुवा द्रौपदीची थाळी सांगत होते. देव दारात भुकेला उभा, आणि थाळीला चिकटलेलं भाजीचं एकच पान.

जरा वेळाने सुमेधाने रेवतीला विचारलं, “चिडलात का?”

“थांबा हो! त्या पानाचं काय झालं ते ऐकू द्या.”

आरती झाली, पर्यटक गेले, रेवती धक्क्याला लागली. सुमेधाने खाली येऊन सगळं सांगितलं, तसे बुवा काठी टेकत रेवतीपाशी आले आणि त्यांनी तिच्या पुढच्या टोकाला, लोखंडी नाळेवर, चिमूटभर बुक्का लावला.

“आप्पा, अहो, यंत्र आहे ते!”

“असेल गं. पण आरती होईस्तोवर उठली नाही.”