खिशातली ठिणगी

"वहिनी, दुपारी भंगारवाल्याचा टेम्पो येतोय. गाडी सुरू झाली तर तुमची, नाहीतर त्याची," असं सांगून धाकटे दीर गेले आणि माझं डोकं सणकलं.

गाडी म्हणजे नवऱ्याची जुनी मोटारसायकल. तो असताना मी पाना उचलला, की हातातून हिसकावून घ्यायचा. "तुला नाही जमायचं!" तरी चोरून बघून बघून मी शिकलेच.

पॉइंट घासले, कॉइल बदलली. नवा प्लग वायरला लावून, ठिणगी पडते का बघायला इंजिनावर टेकवला आणि किक मारली. ठिणगी नाही. त्याला जाऊन वर्ष झालं, तरी मेल्याचा आडमुठेपणा सुटत नाही!

दुसऱ्या किकला पाठीमागे 'टिक' झालं. तिथे खिळ्यावर त्याचा शर्ट लटकत होता. जुना प्लग खिशात ठेवायची त्याची खोडच होती. तिसऱ्या किकला त्या खिशात निळं चमकलं. वायर माझ्या हातात आणि ठिणगी तिकडे.

"असं होय? आण इकडे!" मी ओरडले आणि खिशात हात घातला.

प्लग तापलेला होता. मी तो बाहेर काढला, तोच कोणीतरी तो माझ्या हातातून हिसकावून घेतला.