गार अंगानं पळायचं नाय

पाहुण्यांचं भाषण सुरू असतानाच जिवली रांगेतून उठली आणि मंडपामागे जाऊन सावकाश पळू लागली.

एकोणीसशे सत्त्याऐंशीचा डिसेंबर. बदलापूरच्या मैदानावर तालुक्याच्या शर्यती होत्या. मुलींना सकाळी सातलाच आणून दवानं भिजलेल्या गवतावर बसवलं होतं. पाहुणे साडेनवाला उगवले. मग हार, नारळ, भाषणं. पोरींच्या पोटऱ्या लाकडासारख्या झाल्या. त्यात पाहुण्यांना लवकर निघायचं होतं, म्हणून भाषण संपताच मुलींची आठशे मीटर सोडायची, असं ठरलं.

जिवली बारवीकडच्या ठाकूरवाडीतली, आश्रमशाळेत आठवीला. पहिली आली तर जिल्ह्याला जाणार होती. नाही आली तर बाप तिला याच महिन्यात वीटभट्टीवर नेणार होता. तसं त्यानं सांगूनच ठेवलं होतं.

ती गुडघे उंच उचलून पळत होती. मध्येच थांबून पाय ताणत होती. मंडपातल्या माना तिकडे वळल्या. भाषण अडखळलं. शर्यतीचे पंच तरातरा मागे आले.

"ए पोरी, खाली बस! पाहुणे बोलतायत, दिसत नाही?"

"बोलू द्या ना. मी नाय बसायची. माजी बहीण गेल्या साली अशीच गार अंगानं पळाली. मांडी धरून पडली ती, अजून लंगडते."

हे सगळं ती पळता पळताच बोलली. पंचांना तेच जास्त झोंबलं. त्यांनी आश्रमशाळेच्या अंजनाबाईंना बोलावून घेतलं.

"हिला माफी मागायला लावा. नाहीतर नाव कापतो."

"पळायच्या आधी अंग गरम करायचं, हे मीच शिकवलंय तिला," अंजनाबाई म्हणाल्या. "त्याची माफी कसली?"

पंचांनी यादीतल्या जिवलीच्या नावावर लाल रेघ ओढली. जिवलीचे डोळे भरून आले. पण माफी तिनं मागितली नाही.

भाषण संपलं. अकरा मुली रेषेवर उभ्या राहिल्या. मधोमध लाजवंती, उल्हासनगरच्या कापडवाल्याची मुलगी. सलग दोन वर्षं तीच पहिली येत होती. यंदा तिला मागे टाकेल अशी एकच पोरगी होती, आणि ती आता दोरीबाहेर उभी होती. लाजवंतीच्या वडिलांनी तर टाळ्यासुद्धा सुरू केल्या.

पंचांनी शिट्टी तोंडाला लावली. लाजवंतीनं वाकून आपल्या पोटऱ्या चाचपल्या. मान वळवून दोरीकडे पाहिलं. मग ती रेषेवरून मागे सरली आणि जागच्या जागी पळू लागली.

शेजारच्या मुलीनं तिच्याकडे पाहिलं आणि तीही मागे सरली. मग तिसरी. शिट्टी वाजली तेव्हा रेषेवर कुणीच नव्हतं. अकराही जणी मागे उभ्या राहून हात झटकत होत्या, पाय ताणत होत्या.

"काय चाललंय काय?" पंच ओरडले. "पळा!"

"सर, आमचं अंग अजून थंडा है," लाजवंती म्हणाली. "दहा मिनिटं लागतील. और उसका नाम वापस लिखो. सगळ्यांत तीच एक तयार आहे."

पंच कधी मंडपाकडे बघत, कधी मुलींकडे. एकही पोरगी थांबेना. पाहुणे घड्याळ बघत गाडीत बसले आणि निघून गेले. शेवटी पंचांनी खिशातलं पेन काढलं.

शर्यत सुटली तेव्हा रेषेवर बारा जणी होत्या. बाराही जणी शेवटपर्यंत पोचल्या. जिवली पहिली आली. लाजवंती तिच्या दोन हात मागे. धापा टाकतच तिनं जिवलीच्या पाठीत धपाटा घातला.

"जिल्ह्याला पण असंच नडायचं. समझी क्या!"