मोतीबाईचा काढा

“बाबा, मी सरले बलाई आणस. तू थाळ्यासले हात लाऊ नको,” असं बजावून कामिनी प्रयोगशाळेबाहेर गेली.

दोधूबाबाने मान डोलावली. नात दिसेनाशी होताच त्याने चष्मा शर्टाच्या टोकाने पुसला.

टेबलावर काचेच्या दोन लहान थाळ्या होत्या. दोन्हींत त्याचीच थुंकी. एका सकाळी त्याने बाभळीच्या सालीच्या काढ्याने चूळ भरली होती, दुसऱ्या सकाळी औषधाच्या दुकानातून आणलेल्या बाटलीतल्या औषधाने. कामिनीने दोन्ही वेळा थुंकी घेतली, थाळ्यांत पसरली आणि दोन दिवस उबेला ठेवली. तोंडातले जंतू कोण जास्त मारतं, ते आज ठरणार होतं. जिंकणाऱ्याचं नाव कॉलेजच्या प्रदर्शनात मोठ्या अक्षरांत लागणार होतं.

काढा त्याच्या बायकोचा, मोतीबाईचा. रनाळे गावातल्या निम्म्या दुखऱ्या दाढा तिने थोपवून धरल्या होत्या. ती जाऊन दोन वर्षं झाली. लग्नपत्रिका आणि रेशनकार्ड सोडलं, तर तिचं नाव कुठेच छापून आलं नव्हतं.

दोधूबाबा वाकला. ‘बाटली’ लिहिलेल्या झाकणाखाली पांढऱ्या ठिपक्यांचा खच पडला होता. ‘काढा’ लिहिलेल्या झाकणाखाली जेमतेम चार.

त्याचा चेहरा उतरला. चाळीस वर्षं मिरचीवर फवारणी केलेल्या माणसाला कोणी काय शिकवायचं? ज्या औषधाखाली मुडदे जास्त, ते औषध जोरदार.

“मोती, तू चारच मारात वं?” तो पुटपुटला.

मग दाराकडे एकदा बघून त्याने झाकणांची अदलाबदल केली.

कामिनीबरोबर सर आले. त्यांनी थाळ्या उजेडात धरल्या.

“हे ठिपके म्हणजे जिवंत जंतू, वाढून वाढून दिसायला लागलेले. काढ्याच्या थाळीत खच आहे, बाटलीच्या थाळीत चारच. बाटली जिंकली.”

वहीत तसं लिहून ते निघून गेले.

दोधूबाबा मटकन स्टुलावर बसला. कामिनी डोळे फाडून झाकणांकडे बघत होती.

“पोरी, मन्हा हाते पाप व्हयनं. झाकणं मी बदली टाकात. तुन्ही आजीना काढा जितेल व्हता वं! चाल, सरले सांगूत.”

तो उठला. कामिनीने त्याची बाही धरली.

“बस बाबा,” ती हळूच म्हणाली. “तुन्हा पहिले ती झाकणं मीच बदलेल व्हतात.”