खळगा

अपिया या बेटावरच्या शहराजवळच्या गावात चर्चचं सभागृह बांधताना, पावसाचं पाणी जागच्या जागी जिरावं म्हणून आर्किटेक्ट लोसाने अंगणात मोठा खळगा खणून घेतला. त्यात अळू लावायचं होतं. चर्चचे कारभारी सिमेओना भडकले.

"देवाच्या दारात डबकं? बुजवा ते, सगळीकडे काँक्रीट ओता. पाणी जाईल रस्त्यापलीकडे."

"तिथे घरं आहेत, काका."

"असू देत. ती माणसं आपल्या चर्चची नाहीत."

सकाळी काँक्रीटची गाडी आली, तेव्हा लोसा खळग्यात चटई टाकून बसली होती.

"ऊठ पोरी, सगळं गाव बघतंय!" सिमेओना ओरडले.

"बघू देत."

तेवढ्यात त्यांची बायको मासिना कमरेला गुंडाळलेलं वस्त्र सावरत खळग्यात उतरली.

"सरक गं जरा," ती लोसाला म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली, "रस्त्यापलीकडे माझं माहेर आहे. ओता आता काँक्रीट!"