कच्चा धावदोरा

डिझायनर मॅडमकडे नोकरीला सहा महिने झाले तेव्हा मी विचारलं, "माझं पुढे काय?"

"या लाइनीत टिकायचं असेल तर सांगितलं तेवढंच करायचं," मॅडम म्हणाल्या. "तू कच्चा धावदोरा घाल. पक्की शिलाई मास्तर मारतील."

पुढे माझ्या वहीतला गाऊन त्यांनी स्वतःच्या नावावर खपवला आणि शोमध्ये स्वतःच घालायचं ठरवलं. त्या दिवशी गाऊन अंगावर चढवताना त्यांनी विचारलं, "झालं ना तुझं काम?"

"माझं झालं, मॅडम."

स्टेजवर टाळ्या पडल्या, मॅडम कमरेतून वाकल्या आणि पाठीवरची शिवण वरपासून खालपर्यंत उसवत गेली.



मास्तर सोमवारपासून रजेवर होते. पण ते सांगायला मला कुणी सांगितलं नव्हतं.